रविवारचं भगुणं

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आपण आपली नोकरी करत असतो, भाजी आणत असतो, आणि पुढं केव्हातरी एखाद्या लग्नात जुनी मैत्रीण भेटते. ती म्हणते, "कुमुद, ती कोंबडी आठवते का गं?" झालं! एकीला अर्धा किस्सा आठवतो, दुसरीला उरलेला अर्धा, आणि तिसरी ठामपणे सांगते, "असं काही झालंच नव्हतं!" तिघींचं मिळून जे होतं, त्यावर हसून हसून पोट दुखतं.

आमचे बरेचसे किस्से एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भगुण्यातून निघालेले आहेत.

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी बार्शीची. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि दिवसभर "नंबर प्लीज!" शुक्रवार पेठेत एका माडीवर खोली घेऊन आम्ही तिघी राहायचो. मी, शकू आणि महानंदा. शकू बार्शीकडच्या एका खेड्यातली. बोर्डावर बसली की अगदी पुस्तकातलं बोलायची, आणि खोलीत पाऊल टाकलं की, "लई भूक लागली बग!" महानंदा अक्कलकोटची. घरची बोली कानडी, कपाळाला विभूती, आणि पक्की शाकाहारी.

चौथी नसीम. ती सोलापूरचीच, स्टेशनकडं राहायची. पण ड्युटी सुटली की निम्मा वेळ आमच्याच खोलीत.

आमची खाणावळ रविवारी संध्याकाळी बंद असायची. खोलीत एक वातीचा स्टोव्ह, रॉकेलची कायम मारामार, आणि चहाचं पातेलं सोडलं तर भांडं म्हणावं असं ते एकच भगुणं. रविवारी करायचं काय? नसीम म्हणाली, "अरी, इसमें क्या है! कांदा भुनो, मुर्गी डालो, चावल डालो, पानी डालो, ढक्कन मारो. हो गया!"

तिच्या तोंडून ऐकताना खरंच झालं असं वाटलं.

*

पहिल्या रविवारी कोंबडी आणायला शकू गेली. दुकानदार कापून द्यायला तयार होता, पण शकूला त्याचा सुरा पसंत पडला नाही. "आमच्या गावाकडं मी सोता कापती," असं त्याला सुनावून ती जिवंत कोंबडीच काखेत मारून घेऊन आली.

विळी मिळेपर्यंत कोंबडी महानंदाच्या पलंगाखाली बांधून ठेवली. शकू शेजाऱ्यांकडं विळी मागायला गेली. मी कांदा चिरत होते. तेवढ्यात पलंगाखालून मोठा आरडाओरडा झाला. महानंदानं वाकून बघितलं आणि तशीच खाली बसली.

कोंबडीनं अंडं दिलं होतं.

शकू विळी परजत आत आली तर महानंदा पलंगासमोर दोन्ही हात पसरून उभी! "हात लावायचा नाही तिला!"

"आगं, का?"

"बाळंतीण आहे ती!"

शकूनं मला विचारलं, मी नसीमला विचारलं. कायद्यात कुठंच बसत नव्हतं, पण महानंदा हलेना. शेवटी आम्ही नुसता कांदा-भात केला आणि ते एक अंडं महानंदा सोडून तिघींत वाटून खाल्लं. बाळंतीण नसीमच्या घरी पाठवली.

पुढच्या रविवारी नसीम घरूनच डब्यात कोंबडी साफ करून घेऊन आली. महानंदा दारातच आडवी. "ही आपली नव्हे ना?"

नसीम म्हणाली, "नक्को फिकर करू! तुमची तर रोज अंडा देती. अम्मी तिला माझ्याहून जास्त खिलाती!"

*

भाताला पाणी किती, हा आमचा कायमचा घोळ. एकदा लापशी व्हायची, एकदा तांदूळ दाताखाली कचकचायचा. नसीम असली की निभायचं. एका रविवारी नेमकी तिची दुपारची ड्युटी. कोंबडी परतून झालेली, तांदूळ धुतलेले, आणि शकू म्हणते दुप्पट पाणी, मी म्हणते दीडपट.

खोलीच्या खाली औषधाचं दुकान होतं. तिथं फोन. मी धावत खाली गेले आणि एक्स्चेंजला फोन लावला. बाहेरगावच्या कॉलच्या ट्रंक बोर्डावर नसीमच होती.

"नसीम, पाणी किती गं घालायचं?"

"ठैर, बार्शीचा कॉल जोडतेय," ती म्हणाली. पण लाइन तशीच उघडी राहिली. तिकडून बार्शीची ऑपरेटर म्हणाली, "कशात पाणी? कोंबडी-भातात? तांदूळ नवा आहे का जुना?"

"ते काय माहीत! रेशनचा आहे!"

"मग कोंबडीला सुटलेलं पाणी धरून घाल. नाहीतर गिच्च होतो बघ."

तेवढ्यात एक जाड पुरुषी आवाज मध्ये घुसला. "अहो बाई, मी बार्शीहून आडतवाला बोलतोय. आयुष्य धान्यात गेलं माझं. रेशनचा तांदूळ नेमाचा नसतो. आधी थोडा चावून बघा. कट्कन तुटला तर जुना, पाणी जास्त घाला. आणि आता माझा कॉल जोडा की! तिकडं माणूस खोळंबलाय!"

मी हसू दाबत फोन ठेवणार, एवढ्यात लाइनवर आणखी एक आवाज आला. शांत, थंड. आमच्या सुपरवायझर इनामदारबाई! त्या मधूनमधून लाइन ऐकायच्या, हे आम्ही विसरूनच गेलो होतो.

"आणि झाकण सारखं उघडू नका," त्या म्हणाल्या. "नसीम, उद्या माझ्या टेबलापाशी या."

दुसऱ्या दिवशी नसीम त्यांच्या टेबलापाशी गेली. आम्ही आपापल्या बोर्डावरून कान तिकडं लावून. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मोकळा झाला का?"

*

मग तो दुष्काळ आला. रेशनवर तांदूळ दिसेना. मिळायचा तो लाल मिलो. बाहेरच्या देशातली जोंधळ्याची जात, म्हणे. भाकरी केली तर तव्यावरच तुकडे.

कोंबड्या मात्र मिळत होत्या. खेड्यापाड्यात दाणा नाही, तर लोक कोंबड्या विकून मोकळे व्हायचे. शकूचे वडील एका शनिवारी तशीच एक कोंबडी घेऊन आले. खूप थकलेले दिसत होते. म्हणाले, "घरात र्‍हायली तर उपाशी मरंल. तुमी तरी खावा पोरींनो." चहा पिऊन ते लगेच एसटीनं परत गेले. शकू बराच वेळ खिडकीशी उभी होती.

रविवारी आम्ही ठरवलं, तांदूळ नाही तर नाही, मिलो भरडून कण्या करायच्या आणि त्यात कोंबडी शिजवायची. मन लावून शिजवली. झाकण काढलं. भगुण्यात विटांचा चुरा भिजवून ठेवल्यासारखं काहीतरी दिसत होतं. मी एक घास घेतला. नसीमनं एक घास घेतला. दोघींनी ताटल्या खाली ठेवल्या. महानंदा पाठ करून दही-भाकरी खायची, तिनंसुद्धा वळून बघितलं.

शकूनं घास गिळला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "कोंबडीचा जीव गेला त्यो गेला, वर बिचारीवर मिलोत शिजायची पाळी आली!"

त्या दिवसांत आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो ते तेवढंच. आणि भगुणं पुसून खाल्लं.

*

एकदा भगुणं टांग्यात बसलं होतं.

तांदूळ अर्धा शिजला आणि स्टोव्ह भकभक करून विझला. रॉकेल संपलं! शेजारीपाजारी विचारलं, सगळ्यांचे डबे कोरडे. नसीम म्हणाली, "मेरे घर चलो. चूल पेटलीच असेल." भगुण्यावर झाकण, झाकणाला दोरी, सगळ्याला महानंदाचं जाड पांघरूण गुंडाळलं आणि टांगा केला. भगुणं माझ्या मांडीवर, बाळासारखं.

टांगा थोडा चालला की थांबायचा. परत चालायचा, परत थांबायचा. मला घाई. इकडं मांडी भाजत होती, तिकडं भात गार होत होता.

"मामा, तुमचं घोडं सारखं का थांबतंय?"

टांगेवाले मामा मान वळवून म्हणाले, "घोडं न्हाय थांबत, बाई. मी थांबतोय."

"का हो?"

"मगाधरनं नाकात वास चाललाय. कुटनं येतोय त्ये बघतोय."

शकूनं पांघरुणाचं टोक उचललं. मामांनी डोळे मिटून घेतले. मग लगाम असा ओढला की घोडा स्टेशनपर्यंत उधळतच गेला. नसीमच्या अम्मीनं भगुणं चुलीवर चढवलं, वर निखारे ठेवले, आणि पहिली ताटली अंगणात मामांना दिली. त्यांनी भाडं घ्यायला साफ नकार दिला. उठताना एवढंच विचारलं, "पुढच्या ऐतवारी बी राकेल संपनार हाय का?"

*

फ्लूची साथ आली तेव्हा खोलीत फक्त महानंदा उभी होती. मी आणि शकू अंथरुणात, नसीम तिच्या घरी झोपलेली. तिच्या अम्मीनं मात्र आठवणीनं डब्यात कोंबडी पाठवून दिली. "आजारात ताकद येते," असा निरोप.

आता हे करणार कोण? मी उठायला लागले तर डोळ्यापुढं अंधारी. महानंदा कमरेवर हात ठेवून त्या डब्याकडं बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिनं नाकाला पंचा बांधला, पदर खोचला आणि म्हणाली, "सांगा. काय काय करायचं?"

आम्ही अंथरुणातून सांगायचो आणि ती करायची. कांदा परतला, मसाला परतला. कोंबडी टाकायची वेळ आली तेव्हा तिनं डबा लांब धरला, डोळे मिटले, पुटपुटली, "तप्पायितु तायी, तप्पायितु!" म्हणजे चूक झाली गं आई, चूक झाली. आणि डबा पालथा केला.

मग आम्हाला ग्लानी आली. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि महानंदा अजून स्टोव्हपाशीच. भगुण्यात बघितलं तर भात नाही, कोंबडी नाही. एक पिवळी खीर, आणि त्यात स्वच्छ पांढरी हाडं!

शकू घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आगं, येवढं का शिजवलंस?"

महानंदानं नाकावरचा पंचा खाली घेतला. "मला वाटलं, शिजवत राहिलं की ती कोंबडी राहणार नाही. भाजी होईल."

ती खीर आम्ही वाट्याच्या वाट्या प्यायलो. तापात आईनं भरवावं तशी महानंदा चमच्यानं भरवत होती. भरवताना तोंड मात्र भिंतीकडं!

*

इनामदारबाई एक दिवस खोलीवर आल्या. न सांगता. रविवारी, आणि तेही आम्ही पानं घेतल्यावर! आम्हाला वाटलं, संपलं आता. कुणीतरी आपली तक्रार केली असणार.

बाईंना आम्ही सगळ्या टरकून असायचो. उंच, पांढरं पातळ, कामाशिवाय शब्द नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरी कुणी गेलेलं आम्हाला माहीत नव्हतं.

"बसा, उठू नका," त्या म्हणाल्या. "इकडून चालले होते. वास आला."

शकूनं घाईघाईनं चांगले तुकडे निवडून त्यांचं ताट वाढलं. बाईंनी ताटाकडं बघितलं, मग भगुण्याकडं.

"हे तुम्ही घ्या. मला खालची खरपूड द्या."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. भगुण्याच्या बुडाला लागलेला, करपून लाल झालेला भात! तो आम्ही पाणी घालून भिजत टाकायचो. शकूनं उलथन्यानं खरवडून दिला. बाईंनी तो हातात घेऊन सावकाश, कुरकुर आवाज करत खाल्ला. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या चपलेचासुद्धा कधी आवाज आला नव्हता.

नसीम धीर करून म्हणाली, "बाई, खरपूड तर घरी पण होती ना?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "एकट्या माणसाचा मूठभर तांदूळ. त्याला कुठली आलीय खरपूड!"

त्यानंतर रविवारी महानंदा स्टोव्ह मुद्दाम जरा मोठा ठेवायला लागली.

*

आता शकूचं लग्न कसं जमलं, ते सांगते.

शकूला बघायला बरेच जण येऊन गेले होते. मुलगी पसंत पडायची, नोकरी पडायची नाही. "पाळीची ड्युटी? रात्री घराबाहेर?" असं म्हणून निरोप यायचा. शेवटी गावाकडून वडिलांनी सांगून पाठवलं, "आता हे येवढं एक ठिकाण. न्हाय जमलं तर नोकरी सोडून घरी ये." शकू त्या आठवड्यात बोर्डावरसुद्धा चुकीचे नंबर जोडत होती.

पाहुणे सोमवारी सोलापुरातच तिच्या मामांकडं यायचे होते. आम्ही रविवारी नेहमीसारखं भगुणं चढवलं. कोंबडी शिजत आली होती, तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. दारात डोक्याला पटका, गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ. मागं एक सडपातळ तरुण, हातात टोपी.

"शकुंतला हितंच र्‍हाती न्हवं? सोलापुरात काम हुतं. म्हनलं, पोरगी र्‍हाती कशी, तेबी बघावं."

मुलाचे वडील! आणि माळकरी! घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नसणार. शकूचं तोंड पांढरं पडलं. मी चटई टाकली. महानंदानं भगुणं उतरवून कोपऱ्यात ठेवलं, वर पंचा टाकला आणि स्टोव्हवर चहा ठेवला. पण वासाला पंचा काय करणार? खोलीभर तोच.

म्हाताऱ्यांनी एकदा हवा ओढली. "काय शिजवलंय?"

शकू कपबशा शोधायला लागली. मी चटई नीट करत राहिले. आणि मग, जन्मात कधी खोटं न बोललेली, कपाळाला ठसठशीत विभूती लावलेली महानंदा शांतपणे म्हणाली, "बटाटेभात."

म्हाताऱ्यांनी तिच्या कपाळाकडं बघितलं आणि मान डोलावली.

चहा झाला. मुलगा बार्शीला हायस्कूलमध्ये शिक्षक होता, एवढं त्यानं खाली मान घालून सांगितलं. मग म्हातारे शकूकडं वळले. "रातीची बी ड्युटी असती म्हनं?"

आम्हाला वाटलं, झालं. पण शकूनं मान वर केली.

"व्हय, असती. रातचं कुनाचं मानूस आजारी पडलं, डाक्टरला फोन लावायचा झाला, तर बोर्डावर कुनीतरी बसाया पायजे की. ज्या दिशी माझी पाळी, त्या दिशी मी बसती."

म्हातारे उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. खाली पेठेत बघत.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलला. अगदी हळू. "मला... थोडा बटाटेभात मिळेल?"

महानंदाच्या हातातली बशी पडता पडता राहिली. शकूनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं शकूकडं बघितलं. ती उठली, पंचा बाजूला केला आणि ताटली भरून त्याच्यापुढं ठेवली.

तो खायला लागला. एक हाड आलं. त्यानं वडिलांच्या पाठीकडं बघितलं, हळूच खिशातून रुमाल काढला आणि हाड त्यात ठेवलं. दुसरं हाड रुमालात. तिसरं रुमालात. शकूनं पदर तोंडात कोंबला होता, खांदे हलत होते. तरी तिनं आणखी वाढलं. तो नको म्हणाला नाही.

आणि म्हातारे खिडकीतून बघतच होते. खाली रविवारची बंद दुकानं आणि एक झोपलेलं कुत्रं. त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं, देव जाणे. ताटली रिकामी झाल्याचा आवाज आला, तसे ते खाकरले आणि वळले.

"चला, मास्तर."

मुलगा फुगलेला रुमाल मुठीत धरून उठला. शकूनं दोघांना वाकून नमस्कार केला. जिन्यापाशी म्हाताऱ्यांनी वहाणा घातल्या, पटका नीट केला आणि शकूच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, लगीन झाल्यावर ज्या दिशी बटाटेभात करशील, त्या दिशी मला सकाळीच सांगत जा. मी मळ्यात जाईन."